‘वरून’, ‘मुळे’ आणि ‘साठी’ : अन्ननलिकेच्या कर्करोगातील प्रथिन-खुणांच्या मराठीविषयी

शास्त्रीय परिभाषेविषयी मराठीत जी चर्चा होते ती बहुतांशी नामांची चर्चा असते. सेलला पेशी म्हणावे की कोशिका, इसोफेगसला अन्ननलिका म्हणावे की ग्रसिका, ट्यूमरला अर्बुद म्हणावे की गाठ, ह्या प्रश्नांवर समित्या बसल्या, कोश निघाले आणि पुष्कळ चांगले कामही झाले. मराठी विश्वकोशाने कोशिका आणि ग्रसिका पत्करली. शाळेच्या पुस्तकांनी पेशी आणि अन्ननलिका ठेवली. संस्कृतात पेशी म्हणजे मांसपेशी, हे ज्याला ठाऊक आहे त्याला शाळेची निवड खटकेल. ज्याला ठाऊक नाही त्याचे काही अडणार नाही. प्रस्तुत लेखक ह्या वादात शाळेच्या बाजूचा आहे आणि पुढे पेशी, अन्ननलिका, गाठ हेच शब्द योजणार आहे. परंतु ह्या लेखाचा विषय नामे नव्हे. शास्त्रीय विधानाचा खरा भार नामावर क्वचितच असतो. तो असतो नामाला चिकटणाऱ्या त्या लहानशा शब्दयोगी अव्ययावर, ज्याच्याकडे कोणत्याही परिभाषा-समितीने आजवर ढुंकून पाहिलेले नाही.

ह्या विचाराला निमित्त झाले ते घरचेच. माझे एक मामा कागल तालुक्यातले. जन्मभर तंबाखूचे पीक घेतले, निपाणीच्या बाजारात विकले आणि त्यातले थोडे स्वतःच्या गालफडात ठेवले. घास उतरेनासा झाला तेव्हा दुर्बिणीने तपासणी झाली, तुकडा काढून पाठविला आणि प्रयोगशाळेचा अहवाल हाती आला. अहवालात तीन ओळी होत्या : पी-४० पॉझिटिव्ह, पी-५३ पॉझिटिव्ह, आणि कीआय-६७ ह्या नावापुढे टक्क्यांचा एक आकडा. मामेभाऊ मला म्हणाला, “दादा, पॉझिटिव्ह म्हंजे बरंच की. मग डॉक्टर तोंड पाडून का बसल्यात?” मामांनी मात्र कागद हातात धरून निराळाच प्रश्न केला : “ह्यावरनं काय कळतंय रं?”

पुढे महिन्याभराने मामेभावाने कोठलेसे मराठी माहितीपत्रक वाचले आणि तो निश्चिंत मनाने सांगू लागला, “त्या प्रथिनामुळं झालंय म्हणं. तंबाखूचा काय संबंध न्हाई.” असे सांगताना त्याच्याही तोंडात तंबाखूच होती.

पित्याच्या ‘वरनं’पासून पुत्राच्या ‘मुळं’पर्यंतचा हा प्रवास ज्या मराठी गद्याने घडवून आणला, त्या गद्याची चिकित्सा करणे हे भाषेच्या अभ्यासकाचे काम आहे असे मला वाटते.

प्रथम ‘वरून’चा विचार करू. धुरावरून अग्नीचे अनुमान करावे, हे आपल्या परंपरेतले सर्वांत जुने उदाहरण. नैयायिकांनी धुराला लिंग म्हटले आणि धूर व अग्नी ह्यांच्या नित्य साहचर्याला व्याप्ती. हा लिंग शब्द आज इंग्रजी मार्करला प्रतिशब्द म्हणून वापरता आला असता तर फार बरे झाले असते. पण मराठीत तो व्याकरणात आणि शरीरशास्त्रात इतका अडकून पडला आहे की त्याला तेथून सोडविणे आता शक्य नाही. सूचक, दर्शक, निदर्शक, चिन्हक असे पर्याय चालू आहेत. त्यांत साधा ‘खूण’ हा शब्द मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. खूण स्वतः काही करीत नाही. ती कोणीतरी ओळखावी लागते. झाडावर कुऱ्हाडीने केलेली खूण वाट दाखविते, वाट निर्माण करीत नाही.

पी-४० ही ह्या अर्थाने खरी खूण आहे. ते पी-६३ ह्या प्रथिनाचे एक रूप. शल्की पेशींत ते सापडते, ग्रंथीच्या पेशींत बहुधा सापडत नाही. अन्ननलिकेच्या कर्करोगाचे दोन मुख्य प्रकार आहेत. शल्की पेशींचा प्रकार भारतात अधिक दिसतो; ग्रंथी-पेशींचा प्रकार अन्ननलिका जेथे जठराला मिळते त्या भागात, आणि पाश्चात्त्य देशांत विशेष वाढलेला. हे दोन्ही एकाच नळीत होत असले तरी रेणूंच्या पातळीवर ते परस्परांहून इतके भिन्न आहेत की शल्की प्रकार हा घशातील व मानेतील तशाच कर्करोगांच्या अधिक जवळचा ठरतो, हे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या जनुकीय अभ्यासाने दाखवून दिले. म्हणजे आपल्याकडचा रोगी घशाचा कॅन्सर म्हणून जो सरसकट शब्द वापरतो, तो शरीररचनेच्या दृष्टीने चुकीचा असला तरी अगदीच अडाणी नाही! असो. पी-४०वरून प्रकार कळतो, एवढेच विधान येथे आहे, आणि ते मराठीत जसेच्या तसे उतरते.

रक्तात शोधावयाच्या खुणांची गोष्ट इतकी सरळ नाही. १९६५ साली मोठ्या आतड्याच्या कर्करोगात एक प्रथिन सापडले. ते त्याच रोगाचे आहे अशी समजूत होऊन त्याला गर्भ आणि कर्करोग ह्या दोहोंवरून नाव दिले गेले. पुढे ते इतर अनेक विकारांत आणि धूम्रपान करणाऱ्यांच्या रक्तातही वाढलेले आढळले. १९७७ साली गर्भाशयमुखाच्या शल्की कर्करोगातून वेगळे केलेले दुसरे एक प्रथिन अन्ननलिकेच्या रोगातही मोजले जाते. त्याच्या नावातच शल्की कर्करोग आहे, परंतु सोरायसिससारख्या त्वचाविकारातही ते वाढते. नैयायिक ज्याला सव्यभिचार हेतू म्हणतात त्याची याहून चांगली उदाहरणे मिळणे कठीण. येथे ‘वरून’ हे अव्यय चुकलेले नसते, व्याप्ती कच्ची असते. आणि कच्च्या व्याप्तीची जाणीव मराठी वाक्याला क्रियापदातून द्यावी लागते. ‘वरून कळते’ आणि ‘वरून शंका येते’ ह्यांतील अंतर एरवी कोणीही मराठी माणूस पाळतो. माहितीपत्रकाचा लेखक ते पाळीत नाही, कारण त्याच्यासमोरच्या इंग्रजी वाक्यात दोन्ही ठिकाणी एकच क्रियापद असते.

आता पी-५३. ह्या एका नावात आधुनिक कर्करोग-संशोधनाच्या भाषेचा सगळा गोंधळ आणि सगळी गंमत साठलेली आहे, म्हणून येथे थोडे थांबू. १९७९ साली निरनिराळ्या प्रयोगशाळांत हे प्रथिन सापडले. जेलमधून धावताना त्याचे वजन त्रेपन्न हजार डाल्टन भरले, म्हणून त्याचे नाव पी-५३. पुढे त्याची घटना उलगडल्यावर कळले की खरे वजन सुमारे चव्वेचाळीस हजारच आहे. त्यातील प्रोलिनबहुल भागामुळे ते जेलमधून हळू सरकते आणि जड भासते. नाव चुकीचे ठरले तरी राहिले. चिन्ह आणि चिन्हित ह्यांचा संबंध यादृच्छिक असतो, हे सोस्यूरचे म्हणणे वर्गात समजावून देताना मी हे उदाहरण हल्ली हमखास देतो. वजनाची चूक किरकोळ म्हणावी लागेल, कारण भूमिकेची चूक तिच्याहून मोठी होती. गाठीच्या पेशींत हे प्रथिन भरपूर सापडते, तेव्हा तेच गाठ वाढवीत असले पाहिजे, असे दहा वर्षे समजले गेले. १९८९ च्या सुमारास हे चित्र पालटले. ते गाठीचे साथीदार नसून पहारेकरी निघाले. निरोगी पेशीत ते तयार होते आणि काही मिनिटांतच मोडून टाकले जाते. म्हणून रंगवलेल्या काचपट्टीवर ते जवळजवळ दिसतच नाही. त्याच्या जनुकात बिघाड झाला की निकामी झालेले प्रथिन मोडले जात नाही, साचत राहते आणि पेशीकेंद्र गडद रंगते. म्हणजे अहवालात पी-५३ पॉझिटिव्ह असे जे लिहिलेले असते, त्याचा अर्थ बहुधा असा होतो की पहारेकऱ्याचे प्रेत दारात पडलेले आहे.

याहूनही विलक्षण गोष्ट पुढेच आहे. काही बिघाडांत प्रथिन मुळी तयारच होत नाही. तेव्हा काचपट्टीवर रंगाचा लवलेशही राहत नाही आणि घाईने लिहिणारा ‘निगेटिव्ह’ असे लिहून मोकळा होतो. वस्तुतः हा अभावदेखील बिघाडच आहे. निरोगी ऊतीत येथेतेथे फिकट रंगलेली काही केंद्रे असतात. सर्वत्र गडद रंग आणि संपूर्ण निरंग, ही दोन्ही टोके रोगाची. व्याकरणाच्या अभ्यासकाला हे अपरिचित वाटू नये. पाणिनीच्या शास्त्रात लोप म्हणजे निव्वळ नसणे नव्हे. जे तेथे असावयास हवे होते त्याचे न दिसणे, आणि त्या न दिसण्यालाही कार्य असते. पेशींना परस्परांशी बांधून ठेवणारे ई-कॅधेरिन गाठीत कमी झाले की पेशी सुट्या होऊन पसरण्यास मोकळ्या होतात, तेथेही खूण आहे ती अभावाचीच. ‘पॉझिटिव्ह-निगेटिव्ह’ ह्या जोडीत शून्य आणि लोप ह्यांचा भेद करण्याची सोय नाही. आपल्या व्याकरणाने तो भेद शतकानुशतके सांभाळला आहे. वैद्यकीय मराठीने मात्र तो उचलला नाही.

तर मग ‘पी-५३मुळे कर्करोग होतो’ हे वाक्य खरे की खोटे? जसे आहे तसे ते खोटे आहे, कारण पी-५३ नसल्यामुळे, किंवा असून नसल्यासारखे झाल्यामुळे, रोगाला वाट मिळते. ‘पी-५३च्या बिघाडामुळे’ असे म्हटले तर ते पुष्कळसे खरे होते. शल्की प्रकाराच्या बहुसंख्य गाठींत हा बिघाड असतोच. परंतु तेवढ्यानेही काम भागत नाही. २०१८ साली इंग्लंडात केंब्रिजजवळच्या संशोधकांनी निरोगी माणसांच्या अन्ननलिकेचे बारीक तुकडे तपासले. प्रौढ आणि वृद्ध माणसांच्या रोगमुक्त अन्ननलिकेतही पी-५३च्या जनुकात बिघाड झालेल्या पेशींचे पुंजके त्यांना आढळले. नॉच-१ ह्या दुसऱ्या जनुकाचा बिघाड तर गाठीपेक्षा निरोगी ऊतीतच अधिक प्रमाणात दिसला. दुसऱ्या वर्षी जपानी संशोधकांनी दाखविले की मद्यपान आणि धूम्रपान करणाऱ्यांत अशा पेशींचे हे आक्रमण लवकर आणि जोराने होते. येथे नैयायिकांची आणखी एक कल्पना उपयोगी पडते. अग्नी असेल तेथे धूर असतोच असे नाही. इंधन ओले असेल तरच धूर निघतो. हे ओले इंधन म्हणजे उपाधी. ‘मुळे’ असे लिहिताना ज्याला उपाधीची आठवण राहत नाही, त्याने खरे तर ‘मुळे’ लिहू नये.

हे ओले इंधन मामांच्या शेतात पिकत होते. तंबाखू आणि अन्नमार्गाचा वरचा भाग ह्यांचा संबंध आपल्याकडे काही काल-परवा शोधला गेलेला नाही. १९४१ साली मुंबईत टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले आणि तेथील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर ह्यांनी निरनिराळ्या समाजांतील खाण्यापिण्याच्या, धूम्रपानाच्या आणि पेहरावाच्याही सवयी कर्करोगाच्या जागेशी ताडून पाहण्याचे काम हाती घेतले. १९५५ साली सांघवी व राव ह्या सहकाऱ्यांसह त्यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध केलेला निबंध धूम्रपान आणि तंबाखू चघळणे ह्यांचा अन्नमार्गाच्या वरच्या भागातील कर्करोगाशी असलेला संबंध तपासणारा होता. त्या निबंधाचा विशेष हा की त्यात ‘तंबाखू’ असा एकच मोघम कर्ता नाही; ओढणे वेगळे, चघळणे वेगळे, आणि त्यांच्याशी निगडित जागाही वेगळ्या करून पाहिल्या आहेत. १९६३ साली मुंबईत आणि १९८७ साली बार्शीला रोगनोंदणी सुरू झाली तिच्यामागेही हीच शिस्त होती : आधी मोजावयाचे, मग ‘मुळे’ म्हणावयाचे. खानोलकरांच्या काळी पी-५३ कोणाला ठाऊक नव्हते. आज आपणांस ते ठाऊक आहे, आणि त्याचा परिणाम म्हणून आमच्या मामेभावाच्या मनातून तंबाखू निर्दोष सुटली! वस्तुतः साखळी अशी आहे : तंबाखूतील द्रव्यांमुळे जनुकात बिघाड, बिघाडामुळे प्रथिनाचा साठा, आणि साठ्यावरून आपले अनुमान. माहितीपत्रकाने पहिले दोन दुवे गाळले आणि तिसऱ्याचे ‘वरून’ पुसून तेथे ‘मुळे’ बसविले. दोन अक्षरांच्या ह्या बदलाने एका कुटुंबातील दुसऱ्या पिढीची सवय सुरक्षित केली.

ह्या बदलाचे मूळ भाषांतरात आहे. इंग्रजी निबंधांत खूण आणि रोग ह्यांचा संबंध दाखविणारे एक सावध क्रियापद सर्वत्र असते, ज्याचा अर्थ केवळ ‘बरोबर आढळते’ इतकाच. मराठीत त्याला ‘शी संबंधित आहे’ असे ढिले रूप दिले जाते, आणि ढिले वाक्य वाचकाला रुचत नाही म्हणून लेखक ते आवळतो. आवळले की ‘मुळे’ होते. ‘ज्यांच्या गाठीत क्ष अधिक, त्यांच्यांत रोग पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण अधिक आढळले’ असे जो-तो रचनेचे वाक्य मराठीला स्वाभाविक आहे. ते लांब होते, हा दोष मी मान्य करतो. पण मराठीचे हे सर्वनाम-युगुल व्याप्ती सांगण्यासाठीच घडल्यासारखे आहे. त्याची लाज वाटण्याचे कारण नाही.

संशोधकांच्या स्वतःच्या घरातही सारे आलबेल आहे असे नव्हे. पी-५३ किंवा कीआय-६७ ह्यांवरून अन्ननलिकेच्या रोग्याचे पुढे काय होईल हे सांगू पाहणारे निबंध पुष्कळ आहेत आणि त्यांचे निष्कर्ष परस्परांना छेद देतात. एकाने दहा टक्के पेशी रंगल्या की पॉझिटिव्ह धरले, दुसऱ्याने पन्नास टक्के. एकाचे प्रतिपिंड एक, दुसऱ्याचे दुसरे. रोगी थोडे, आणि तेही मागे वळून निवडलेले. हा गोंधळ असह्य झाल्यावर २००५ साली अशा अभ्यासांचे निवेदन कसे करावे ह्याची एक सर्वमान्य सूची काही नियतकालिकांनी एकाच वेळी प्रसिद्ध केली. म्हणजे ज्या शास्त्राला आपण काटेकोरपणाचा आदर्श मानतो, त्यालाही शेवटी वाक्य कसे लिहावे ह्याचे नियम करावे लागले. (कीआय-६७ ह्या नावात, जाता जाता सांगावयाचे तर, जर्मनीतील कील हे शहर आणि तेथील प्रयोगपट्टीवरील सदुसष्ट क्रमांक एवढेच आहे; १९८३ साली ते रुजले. विभाजनाच्या मार्गाला लागलेल्या पेशींत ते असते, विसावलेल्या पेशींत नसते.)

राहिला ‘साठी’. आयुर्वेदाच्या निदानपंचकात उपशय नावाचा एक प्रकार आहे : रोग स्पष्ट नसेल तर औषध वा पथ्य देऊन काय मानवते ते पाहावे व त्यावरून रोग ओळखावा. आधुनिक खुणांचा एक वर्ग ह्याच्या उलट दिशेने चालतो. औषध देण्यापूर्वीच ते कोणाला मानवेल हे खुणेवरून ठरवू पाहतो. हर-२ हे त्याचे ठळक उदाहरण. जठराच्या आणि जठर-अन्ननलिका संधीच्या पुढे गेलेल्या ग्रंथी-कर्करोगात, हर-२ अधिक असलेल्या रोग्यांना नेहमीच्या औषधांबरोबर ट्रास्टुझुमॅब दिले असता मध्यम आयुर्मान ११.१ महिन्यांवरून १३.८ महिन्यांवर गेले, असे २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. हर-२ गाठीला बळ देते, म्हणून तेथे ‘मुळे’ही लागू, ते असेल तर औषध लागू, म्हणून ‘साठी’ही लागू. पण शल्की प्रकारात हर-२ची वाढ विरळ, आणि आपल्याकडे तोच प्रकार अधिक. तेव्हा मुंबई-पुण्याच्या वर्तमानपत्रांत आलेली ही वार्ता कोल्हापूरच्या बहुसंख्य रोग्यांना लागू नव्हती, हे कोणी लिहिले नाही. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीनंतर पीडी-एल-१ ही खूण शल्की प्रकारातही महत्त्वाची ठरली. तिची गणना मात्र चमत्कारिक आहे. रंगलेल्या गाठीच्या पेशी आणि रंगलेल्या प्रतिकारक पेशी ह्यांची बेरीज करून तिला गाठीच्या एकूण जिवंत पेशींनी भागतात. म्हणजे ही गाठीची खूण नव्हेच. गाठ आणि शरीर ह्यांच्या झटापटीची ती खूण आहे. हिला मराठीत ‘अर्बुद-दर्शक’ म्हणणे सर्वस्वी चूक.

‘साठी’ची खूण आणि पुढचे भाकीत सांगणारी खूण ह्यांना मराठीत सरसकट ‘पूर्वसूचक’ म्हटले जाते; ह्या दोहोंचा भेद आपल्या जुन्या वैद्यकाला अपरिचित नव्हता. रोग बरा होण्यासारखा आहे की नाही ह्याचा विचार साध्यासाध्यतेत येई; मृत्यूच्या खुणांना अरिष्ट म्हणत आणि चरकसंहितेचे इंद्रियस्थान त्यांनाच वाहिलेले आहे. सुश्रुताने निदानस्थानाच्या अकराव्या अध्यायात अर्बुदावर पुन्हा येणाऱ्या अर्बुदाला वेगळे नाव दिले. ह्यावरून प्राचीनांना सर्व काही ठाऊक होते असे सुचविण्याचा माझा मुळीच हेतू नाही. तसे सुचविणाऱ्यांचा मला कंटाळा आहे. त्यांच्याकडून घेण्यासारखी गोष्ट एकच, आणि ती म्हणजे दोन निराळ्या प्रश्नांना दोन निराळी नावे ठेवण्याची सवय. ‘पुढे काय होईल’ ह्याच्या खुणेला साध्यासाध्य-सूचक आणि ‘काय मानवेल’ ह्याच्या खुणेला उपचार-सूचक म्हणावे, अशी माझी सूचना आहे.

गाठीच्या ‘वर्तना’विषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. आक्रमक, सौम्य, बेफाम, दबा धरून बसलेली अशी विशेषणे मराठी लेखनात गाठीला लावली जातात. वर्तन हा शब्द आपल्याकडे हेतू असणाऱ्या कर्त्याचा आहे. शाळेच्या प्रगतिपुस्तकात तो असतो. गाठ पसरते तेव्हा ती काही करीत नसते, तिच्यात काही घडत असते. मराठीत ‘पसरते’ हे अकर्मक रूप असताना ‘हल्ला चढविते’ असे सकर्मक लिहिण्याचे प्रयोजन नाही. रोग्याच्या कानी ही विशेषणे पडतात, आणि आपल्या गळ्याखाली एक दुष्ट प्राणी बसला आहे अशी त्याची कल्पना होते. कर्क म्हणजे खेकडा हे ग्रीकांकडून आलेले रूपक आधीच तेथे आहे. ‘वर्तन’ ऐवजी ‘गती’ किंवा ‘वाटचाल’ म्हणता येईल. ‘ही गाठ झपाट्याने पसरणाऱ्यांपैकी दिसते’ हे वाक्य भीती कमी करीत नाही, पण खोटेही सांगत नाही.

‘पॉझिटिव्ह’ ह्या शब्दाची सोय काय लावावी, हे मला बरेच दिवस सुचत नव्हते. अहवालांत तो इतका रुळला आहे की त्याच्या जागी ‘होकारात्मक’ किंवा ‘धनात्मक’ घालणे हास्यास्पद ठरेल. मग एकदा लक्षात आले की काचपट्टीवर प्रत्यक्षात घडते ते कापडावर घडते तेच : रंग बसतो किंवा बसत नाही. रंगाऱ्याच्या भाषेत कापड रंग धरते. मामांचा अहवाल मी तसा लिहून काढला. ‘पी-४० : पेशीकेंद्रांनी रंग धरला, ह्यावरून गाठ शल्की पेशींची. पी-५३ : जवळजवळ सर्व केंद्रांनी गडद रंग धरला, ह्यावरून ह्या प्रथिनाच्या जनुकात बिघाड झाला असावा, असा बिघाड तंबाखूमुळे होऊ शकतो. ह्या खुणेवरून औषध ठरत नाही.’ मामेभावाने तो कागद दोनदा वाचला, घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी मला फोन करून विचारले की तिसऱ्या ओळीतले ‘होऊ शकतो’ हे नक्की किती.